परत आलेले ब्लाऊजपीस

(रुग्णाची ओळख पटू नये म्हणून घर, गल्ली आणि नात्यातले काही तपशील बदलले आहेत. रंगांना मात्र हात लावलेला नाही.)

एप्रिलमधल्या एका दुपारी माझ्या तपासणीच्या खोलीत एक सून आपल्या सासऱ्यांबद्दल बोलायला आली. सासऱ्यांना न सांगता आली होती. हातात प्लास्टिकची पिशवी, ती तिने सरळ माझ्या टेबलावर उपडी केली. सत्तावीस ब्लाऊजपीस.

"मॅडम, हे सगळे परत आलेले आहेत. दिवाळीपासून आत्तापर्यंतचे. आणि हा तुमचा कागद."

कागदावर तीन आठवड्यांपूर्वीच्या तारखेखाली माझ्याच अक्षरात लिहिलं होतं : रंगदृष्टी सामान्य.

मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे, नागपुरातच शिकले, इथेच वीस वर्षं डोळे तपासते. चूक कुठे झाली हे त्या पिशवीकडे बघूनही मला लगेच कळलं नाही. म्हणून ही केस सविस्तर लिहिते आहे.

काकाजी

वय ६८. गांधीबागेतून इतवारीकडे जाताना एका गल्लीत त्यांचं मॅचिंग सेंटर आहे. भिंतभर लाकडी खण, खणाखणात थानं, मधे काउंटर आणि मागे एक स्टूल. बेचाळीस वर्षं हा माणूस साडी बघून ब्लाऊजचं कापड काढून देतो. टू बाय टू रुबियाच्या शेड्सचं कार्ड दुकानात आहे, पण ते ग्राहकांच्या समाधानासाठी. काकाजी त्याला हात लावत नाहीत. साडीचा पदर काउंटरवर पडला की ते एकदा बघतात, वळतात, आणि त्यांचा हात बरोबर त्या थानावर जातो. उमरेड, कामठी, भंडारा इथून बायका लग्नाचा बस्ता घेऊन थेट त्यांच्याकडे येतात. त्यांच्या तोंडची रंगांची नावं ऐकत राहावीत अशी : चिंतामणी, अबोली, आमसुली, कोनफळी, गुलबक्षी, मोतिया, श्रीखंडी, शेवाळी, विटकरी. आजच्या मुली या सगळ्याला 'पीच' आणि 'वाइन' यांत बसवतात याचा त्यांना राग आहे. मलाही आहे, पण तो वेगळा विषय.

मार्चमध्ये मुलगा त्यांना माझ्याकडे घेऊन आला तेव्हा तक्रार मोघम होती. "बाबांचं मॅचिंग चुकतं." काकाजींचं उत्तर तयार होतं : "डोळा ठीक आहे माझा. यानं दिवाळीत दुकानातला लाइट बदलवला, तेव्हापासून भानगड होऊन राहिली."

मी इशिहाराची चित्रं दाखवली. रंगीत ठिपक्यांत लपलेले आकडे वाचायचे, ही ती सगळ्यांना माहीत असलेली चाचणी. त्यांनी ते धडाधड वाचले. मग मी टेबलावरच्या वस्तू, पडदा, माझी ओढणी अशी एकेक गोष्ट दाखवून रंग विचारला. ओढणीला मी निळी म्हणत होते, त्यांनी मला दुरुस्त केलं : "हा फिरोजी आहे, थोडा उतरलेला." बरोबर होतं. मी प्रभावित झाले आणि 'सामान्य' लिहून मोकळी झाले.

आता यातली चूक सांगते. इशिहाराची चाचणी १९१७ पासूनची आहे आणि ती जन्मजात लाल-हिरव्या दोषासाठी बनवलेली आहे. वयानुसार येणारी गडबड बहुधा निळ्या-पिवळ्या अंगाला येते, ती या ठिपक्यांत सापडतच नाही. त्याहून मोठी चूक म्हणजे मी त्यांना रंगाचं नाव विचारलं. त्यांचं काम नाव सांगण्याचं नाही. दोन कापडं एक आहेत का, हे सांगण्याचं आहे. मेंदूसाठी ही दोन वेगळी कामं आहेत. नाव हे एका मोठ्या खणाला दिलेलं असतं, त्या खणात थोडं इकडेतिकडे झालं तरी नाव तेच राहतं. शिवाय बेचाळीस वर्षांची आठवण मदतीला असते. जुळवणीत आठवण कामाला येत नाही, तिथे दोन धाग्यांमधला केसाएवढा फरक त्या क्षणी दिसावा लागतो.

पिशवी

सून हुशार निघाली. प्रत्येक परत आलेल्या तुकड्याला तिने टाचणीने चिठ्ठी लावली होती : कोणत्या साडीवर दिला, कोणी परत आणला, ती काय म्हणाली. आम्ही दोघी खिडकीपाशी बसलो आणि ढीग लावायला लागलो. दोनच ढीग झाले.

पहिल्या ढिगात नेव्ही ब्लू मागितल्यावर दिलेला काळा, मोरपंखीवर दिलेला बॉटल ग्रीन, मोतियावर दिलेला फिकट लिंबू, जांभळ्यावर दिलेला आमसुली. पंधरा-सोळा तुकडे. हा ढीग बघताक्षणी मला ओळखू आला. निळा प्रकाश डोळ्यात कमी पोचला की नेव्ही काळा दिसतो, जांभळ्यातली निळाई गेली की तपकिरी झाक वर येते, पांढरा आणि फिका पिवळा शेजारी शेजारी येऊन बसतात.

दुसरा ढीग चमत्कारिक होता. सगळे राणी नाहीतर पोपटी-हिरव्या घराण्यातले. आणि रंग चुकलेला नव्हता! राणीवर राणीच दिला होता, हिरव्यावर तोच हिरवा. फक्त साडी झळझळीत आणि पीस मळका. एका चिठ्ठीवर ग्राहकाचे शब्द जसेच्या तसे होते : "साडी जिवंत, ब्लाऊज मेला." लाल, केशरी, हळदी यांतला एकही तुकडा पिशवीत नव्हता.

चिठ्ठ्या वाचताना आणखी एक गोष्ट दिसली. परत घेऊन येणाऱ्या जवळपास सगळ्या मुली नाहीतर सुना होत्या. साडी आईची, पीस आईने नेलेला, घरी आईला पसंत पडलेला, आणि वीस-पंचवीस वर्षांच्या मुलीने म्हटलेलं, "आई, हे काय आणलं?" काकाजींच्या वयाच्या बायका परत येतच नव्हत्या. त्यांना तो पीस जुळलेला दिसत होता.

आधी लाइट

काकाजींनी लाइटवर ढकललं होतं आणि त्यात तथ्य होतं. मुलाने दिवाळीत जुन्या ट्यूबलाइट काढून स्वस्त एलईडी पॅनल बसवले होते. अशा दिव्यांचा प्रकाश डोळ्याला पांढरा लागतो, पण त्यात सगळ्या लहरी सारख्या नसतात. मग दोन वेगळ्या रंगद्रव्यांची कापडं एका दिव्याखाली जुळतात आणि दुसऱ्याखाली फुटतात. मॅचिंगवाल्यांना हे पुस्तकाशिवाय माहीत असतं, म्हणून तर "बाहेर उजेडात बघून घ्या ताई" हे वाक्य त्या गल्लीत दिवसातून शंभरदा ऐकू येतं. पण लग्नसराई एप्रिल-मेमध्ये असते आणि नागपूरच्या मेमध्ये भर दुपारी, पारा ४५ ला टेकलेला असताना, साडी घेऊन रस्त्यावर कोण जाणार? ग्राहक आतच बघतात, काकाजीही आतच बघतात.

मी त्यांना मोकळ्या उजेडात, सावलीत बसवून पिशवीतल्या जोड्या पुन्हा दाखवल्या. काही चुका त्यांनी लगेच पकडल्या. "हा कोणी दिला? मी नाही दिला." पण दोन्ही ढिगांतल्या निम्म्याहून जास्त जोड्या त्यांना उजेडातही एकच वाटल्या. म्हणजे दिवा गुन्हेगार होता, एकटा नव्हता.

भिंग आणि नीळ

दुसऱ्या तपासणीत फार्न्सवर्थची डी-१५ केली. पंधरा रंगीत टोप्या एका ठरलेल्या टोपीपासून सुरू करून क्रमाने लावायच्या. नावं विचारायची नाहीत. काकाजींनी प्रत्येक डोळ्याने वेगळी लावली. उजव्या डोळ्याने लावलेल्या क्रमात ठळक उड्या होत्या आणि त्यांचा कल निळ्या-पिवळ्या दोषाकडे होता. डाव्यात त्याच दिशेच्या, पण सौम्य. स्लिट लॅम्पखाली (डोळा मोठा करून दाखवणारं यंत्र) कारण समोर होतं : दोन्ही भिंगांचा गाभा पिवळट, उजव्याचा जवळजवळ चहाच्या रंगाचा. नजर (६/६ म्हणजे पूर्ण) उजवीकडे ६/१२, डावीकडे ६/९. डोळ्यामागचा पडदा स्वच्छ, डोळ्याचा दाब ठीक, साखर नाही. रक्तदाबाच्या गोळीशिवाय औषध नाही. हे मुद्दाम विचारते, कारण काही औषधंही रंग बिघडवतात, हृदयासाठी दिलं जाणारं डिगॉक्सिन जग पिवळं करू शकतं.

डोळ्यातलं भिंग जन्मभर वाढत राहतं, त्याचे जुने थर कुठे जात नाहीत, आणि त्यातली प्रथिनं वर्षानुवर्षं अतिनील किरण झेलून पिवळी पडत जातात. पिवळं भिंग निळा प्रकाश अडवतं. सोबत बाहुलीही लहान होत जाते. विशीतल्या माणसाच्या पडद्यावर जेवढा प्रकाश पोचतो त्याच्या साधारण एक तृतीयांशच साठीतल्या माणसाच्या पडद्यावर पोचतो असं मानतात. त्यात निळ्याला प्रतिसाद देणाऱ्या शंकूपेशी मुळातच थोड्या, शंभर शंकूंमध्ये दहाही नाहीत.

"म्हणजे डोळ्यात पिवळी मारबत बसली म्हणा की," काकाजी म्हणाले. "पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तिचा पुतळा मिरवणुकीत नेतात आणि जाळून टाकतात. माझीही न्या मग."

पण मग त्यांचा खरा प्रश्न आला आणि तो चांगला होता. "इतकं पिवळं आहे तर मले सगळं पिवळं दिसायला पाहिजे ना? माझा सदरा मले पांढराच दिसून राहिला."

इथे मला आजी आठवली. तिच्याकडे पांढरी लुगडी धुताना नीळ असायची. कापड जुनं होऊन पिवळं पडलं की निळीच्या पाण्यातून काढायचं, पिवळेपण बुजतं आणि कापड पांढरं वाटतं. मेंदू हेच करतो. भिंग हळूहळू पिवळं होत जातं तसतसा तो आपल्या हिशेबात थोडी थोडी निळाई वाढवत जातो, म्हणजे पांढरा पांढराच राहतो. वेगवेगळ्या वयाच्या लोकांना 'कोणता प्रकाश पांढरा वाटतो' हे विचारून केलेल्या प्रयोगांत तरुण आणि म्हातारे जवळजवळ एकाच जागी बोट ठेवतात. भिंग एवढं बदललेलं असताना! शुद्ध पिवळा कोणता, शुद्ध निळा कोणता, यातही वयाने फारसा फरक पडत नाही. म्हातारपणी मेंदू थकतो असं आपण सरसकट म्हणतो. इथे तो वर्षानुवर्षं चोख हिशेब ठेवतो आहे, इतका चोख की घरमालकाला गळती कळतच नाही.

नीळ पांढऱ्याला सांभाळते. जो निळा प्रकाश आत पोचलाच नाही, तो मात्र ती परत आणू शकत नाही. म्हणून सदरा पांढरा दिसतो आणि नेव्ही-काळ्यातला फरक मरतो. पहिला ढीग असा तयार झाला होता.

काकाजींच्या वयाच्या बायकांचं कोडंही इथेच सुटलं. त्यांच्याही डोळ्यात तीच पिवळी काच आहे. त्या काचेतून बघणाऱ्याला जुळलेली जोडी पंचविशीतल्या डोळ्याला फुटलेली दिसते. दोघीही आपापल्या जागी खरं बोलत असतात. घराघरांत आई आणि मुलीचा कपड्याच्या रंगावरून होणारा वाद थोडासा भिंगाचाही असतो, हे मला या पिशवीने शिकवलं.

मुलाची भीती

मधल्या काळात मुलाने मोबाइलवर काहीबाही वाचलं आणि एका संध्याकाळी एकटाच आला. "मॅडम, हे डिमेन्शियाचं तर लक्षण नाही?"

भीती अगदीच निराधार नव्हती. पोस्टेरियर कॉर्टिकल ॲट्रोफी नावाचा एक विरळा आजार आहे. त्यात मेंदूचा मागचा, दृष्टीचा भाग आधी झिजतो, आणि बहुतेकदा त्यामागे अल्झायमरच असतो. डोळे उत्तम असूनही समोरची वस्तू सापडत नाही, ओळ वाचताना सुटते, जिन्याच्या पायरीचा अंदाज येत नाही. म्हणून मी विचारलं. ते हिशेबाची वही ओळीने लिहितात का? हो. खणातलं थान शोधताना हात भलतीकडे जातो का? नाही. इतवारीच्या गर्दीत स्कूटर चालवतात? दुर्दैवाने हो. घड्याळाचं चित्र काढायला सांगितलं, ते त्यांनी काढलं आणि वर कंपनीचं नावही लिहिलं. तरी मेंदूविकारतज्ज्ञांचं मत घेतलं. त्यांना काळजीचं काही दिसलं नाही.

जूनमधली शस्त्रक्रिया

लग्नसराई संपल्यावर उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू, म्हणजे तेच पिवळं पडलेलं भिंग, काढला. शल्यचिकित्सकांशी एकच गोष्ट आधी बोलून घेतली : आत बसवायचं भिंग कोणतं? पिवळसर छटेची, निळा प्रकाश थोडा गाळणारी भिंगं मिळतात आणि बहुतेकांना ती चालतात. इथे पोट रंगावर होतं, म्हणून अतिनील अडवणारं पण रंगहीन भिंग निवडलं.

तिसऱ्या दिवशी काकाजींचा फोन. "सूनबाईनं सदरा निळीत बुडवला काय?" त्यांना सगळं निळसर दिसत होतं. घराची भिंत, दूध, स्वतःचे पांढरे केस. एक डोळा झाकून, मग दुसरा झाकून ते दिवसभर तोच सदरा बघत बसले होते : उजव्याने निळा, डाव्याने तांदळाच्या पेजेसारखा. पहिल्यांदाच त्यांना आपल्या जुन्या डोळ्याचा पिवळेपणा *दिसला*. तो दिसायला शेजारी नवा डोळा लागला.

पिवळं कापड गेलं, नवं आलं, आणि मेंदू सवयीने नीळ घालतच राहिला. ही सवय सुटायला आठवडे, कधी महिने लागतात. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात शस्त्रक्रियेनंतर रुग्णांचा 'पांढरा' हळूहळू सरकत कित्येक महिन्यांनी स्थिरावताना दिसला. चित्रकार क्लोद मोने यांनी १९२३ मध्ये, ८२ व्या वर्षी, एकाच डोळ्याची शस्त्रक्रिया करून घेतली आणि नंतर सगळं निळं दिसतं म्हणून ते वैतागले होते. हे सांगितल्यावर काकाजींनी विचारलं, "त्यांचं दुकान कशाचं होतं?"

सप्टेंबरमध्ये उजव्या डोळ्याची डी-१५ निर्दोष आली. पहिल्या ढिगातल्या जोड्या त्यांनी उजव्या डोळ्याने एकेक करून उचलल्या आणि बाजूला फेकल्या. "हा काळा. हा काळा. हे मी दिलं?" नेव्ही, मोरपंखी, मोतिया, सगळं परत आलं. मी मनातल्या मनात केस बंद केली.

सुनेने केली नव्हती. ती दुसरा ढीग घेऊन आली होती.

राणी आणि पोपटी

उजव्या, नव्या, स्वच्छ डोळ्यालाही झळझळीत राणी आणि मळका राणी बऱ्याचदा एकच वाटत होते. शस्त्रक्रियेनंतरच्या तीन महिन्यांत दुकानात परत आलेले सहा तुकडे होते. सहाही राणी-पोपटी घराण्यातले.

डी-१५ मध्ये हे का नाही दिसलं? कारण त्या टोप्यांमध्ये रंग बदलतो, पण रंगाचा जोर सारखाच ठेवलेला असतो. ज्याला शास्त्रात संपृक्तता म्हणतात आणि सून 'डल' आणि 'ब्राइट' म्हणते, ती मोजण्यासाठी ही चाचणी बनलेलीच नाही. माझ्याकडे तशी दुसरी सोपी चाचणी नव्हती. म्हणून काकाजींच्याच दुकानातून राणीचे पाच तुकडे घेतले, जोर पायरीपायरीने उतरत जाणारे. तसेच पोपटीचे पाच. तुलनेसाठी राखाडीचे पाच, फिकट ते गडद. राखाडी बोर्डवर, चांगल्या दिव्याखाली, दोन-दोन शेजारी ठेवायचे, 'एक की वेगळे' एवढंच विचारायचं. काकाजी उजव्या डोळ्याने, मग सून. ही प्रमाणित चाचणी नाही, गल्लीतला जुगाड आहे, हे नोंदीत लिहून ठेवलं आहे.

फिकट-गडद राखाडीत सासरा-सून बरोबरीत. राणी आणि पोपटीत दोन पायऱ्यांचा फरक काकाजींना कळे. शेजारच्या पायरीचा फरक बहुतेक वेळा "एकच." सुनेला तो लांबूनही दिसत होता.

हे बघून मला लंडनचा एक अभ्यास आठवला. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनच्या संशोधकांचं काम २०२३ मध्ये 'सायंटिफिक रिपोर्ट्स'मध्ये आलं. त्यांनी १७ तरुण (सरासरी वय २७.७) आणि २० ज्येष्ठ (सरासरी वय ६४.४) निरोगी माणसांना अंधाऱ्या केलेल्या खोलीत बसवून २६ रंग दाखवले, प्रत्येक पाच सेकंद. प्रश्न काहीच नाही. फक्त बाहुली किती आकसते ते कॅमेऱ्याने सेकंदाला हजार वेळा मोजलं. रंगाच्या उजळपणाला दोन्ही गटांच्या बाहुल्या सारख्याच आकसल्या. रंगाच्या जोराला मात्र ज्येष्ठांच्या बाहुल्या कमी आकसल्या, आणि सगळ्यात जास्त फरक हिरव्या आणि मॅजेंटामध्ये होता. मॅजेंटा म्हणजे आपला राणी.

मी तो भाग सुनेला वाचून दाखवला. ती बराच वेळ पाच राणींकडे बघत बसली.

बाहुलीवर मोजमाप का, हा प्रश्न पडेल. नुसत्या उजेडाला बाहुली आकसते तो व्यवहार मेंदूच्या खोल, जुन्या भागातून चालतो. रंगाला आकसते तेव्हा मेंदूच्या मागच्या दृष्टिकेंद्राचाही त्यात हात असतो. त्यामुळे उजेडाचा प्रतिसाद शाबूत आणि रंगाच्या जोराचा कमी, असं दिसलं की संशय काचेवरून उठून मेंदूकडे जातो. पिवळ्या भिंगाने मुख्य मार निळ्याला बसायला हवा होता, हिरव्या-राणीला नव्हे. संशोधकांचा अंदाज असा की वयानुसार मेंदूच्या प्राथमिक दृष्टिकेंद्राची रंगाच्या जोराबद्दलची जाणीव बोथट होते. वर सांगितलेल्या पोस्टेरियर कॉर्टिकल ॲट्रोफीच्या रुग्णांमध्येही बाहुलीचा असाच फरक याआधी दिसला होता. त्यावरून कोणी 'राणी ओळखता येत नाही म्हणजे डिमेन्शिया' असं काढू नये. या अभ्यासातले ज्येष्ठ निरोगी होते. हे वयाचं आहे, आजाराचं नाही.

इथे स्वतःचा हात आखडता घेते. त्या अभ्यासात बाहुली मोजली, कापड जुळवायला दिलं नव्हतं. मी कापड जुळवायला दिलं, बाहुली मोजली नाही. माझा रुग्ण एकच. दोन्ही गोष्टी एका दिशेला बोट दाखवतात एवढंच म्हणते. पण मोतीबिंदू काढल्यावर रंग पूर्ण परत येतो असं जे आम्ही रुग्णांना बिनदिक्कत सांगतो, ते सांगताना आता माझी जीभ अडखळते. काच बदलता येते. काचेच्या मागे बसलेला कारागीर ६८ वर्षांचाच असतो.

दुकानात काय बदललं

काउंटरवर एकच चांगला दिवा आला, सीआरआय (दिव्याखाली रंग किती खरे दिसतात याचा आकडा) ९०च्या वरचा, दिवसाच्या उजेडाच्या छटेचा. बाकीचे पॅनल राहिले, ते खर्चाचं काम होतं. काउंटरचं लाल सनमायका राखाडी कापडाने झाकलं, कारण लालवर ठेवलेला प्रत्येक हिरवा उगाच भडक दिसतो. साडी आणि थान काठाला काठ लावून बघायचं, मधे बोटाएवढीही फट नको. हे काकाजींना शिकवायला गेले तेव्हा त्यांनी माझ्याकडे जसं बघितलं, ते इथे लिहीत नाही.

अवघड होता तो राणी-पोपटीचा निर्णय. या दोन घराण्यांवर शेवटची नजर सुनेची असावी असं मी सुचवलं. ते चार दिवस बोलले नाहीत, मुलाशीही नाही. मग स्वतःच तोड काढली. गिऱ्हाइकासमोर ते साडी बघून नाव घेतात, "सूनबाई, राणी काढा, चटक," आणि सून दोन थानं आणून ठेवते. ज्याच्यावर तिची करंगळी असेल ते काकाजी उलगडतात. बाहेरच्याला काही कळत नाही. मला कळलं, कारण नोव्हेंबरात तुळशीच्या लग्नानंतर मी माझ्या आईची राणी रंगाची करवतकाठी घेऊन मुद्दाम गेले होते.

डाव्या डोळ्याची तारीख डिसेंबरची दिली होती. त्यांनी ती पुढे ढकलली आहे. कारण विचारलं तर म्हणाले, "माझ्या वयाच्या बाया येतात ना मॅडम, त्यांच्यासाठी हा डोळा ठेवला. त्यांना जुळलेलं दिसते का, ते उजव्यानं नाही सांगता येत." डाव्याची नजर ६/९ आहे, घाई नाही. फाइलवर मी लिहिलं : रुग्णाच्या इच्छेने, सहा महिन्यांनी पुन्हा तपासणी.